रोपवनावर सुपरवायझर म्हणून जावं का? (माण, जि. सातारा)

माणदेशी_गडी · 4 मार्च, रात्री 10.20

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा काढतोय, चूकभूल पदरात घ्या.

गाव खटाव तालुक्यात, शिक्षण बीएस्सी ॲग्री. दोन वर्षं वनरक्षक भरतीची तयारी चाललीय. 5 किलोमीटर पळायचं जमतंय, लेखी जमत नाही. आता एका कंत्राटदाराकडून बोलावणं आलंय. दहिवडीच्या पुढं, शंभू महादेवाच्या डोंगररांगेत 10 हेक्टर उघडा उतार आहे. तिथं खड्डे काढायचे, पावसाळ्यात रोपं लावायची आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सांभाळायची. चौदा माणसांची टोळी मिळेल, नुकतीच ऊसतोड संपवून आलेली. महिना 16 हजार, पेट्रोल वेगळं.

वडील म्हणतात, "एवढं शिकून मजुरांच्या मागं डोंगरावर फिरणार व्हय?" मला मात्र जावंसं वाटतंय. ज्यांनी असलं काम केलंय त्यांनी सांगा, सुपरवायझर दिवसभर नक्की करतो काय?

वाईकर_पुण्यात · 4 मार्च, रात्री 10.41

वा! निसर्गाच्या सान्निध्यात नोकरी! हेवा वाटला राव. आमच्या नशिबी हिंजवडीचं ट्रॅफिक.

कऱ्हाडचा_आरेवाला · 4 मार्च, रात्री 11.02

वाईकर, एप्रिलात दुपारी दोन वाजता माणच्या मुरमावर येऊन उभे राहा. सान्निध्य पायताणातनं वर येतं.

जुना_वनपाल · 5 मार्च, सकाळी 6.15

चिरंजीव, तुमच्या वडिलांचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर होय असं आहे. मजुरांच्या मागंच फिरायचं असतं. मी वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल म्हणून निवृत्त झालो, निम्मी नोकरी पाटणकडच्या जंगलात गेली. खुर्चीवर बसलेलं रोपवन मी अजून जगलेलं पाहिलं नाही.

काय करायचं ते सांगतो. क्रम लागेलच असं नाही, आठवेल तसं लिहितोय.

सकाळी टोळी जागेवर आली की आधी हजेरी. तिथंच, उभ्या उभ्या, माणूस समोर असताना. संध्याकाळी खोलीवर बसून आठवून लिहिलेलं मस्टर पहिल्या आठवड्यात चुकतं, तिसऱ्या आठवड्यात त्यात न आलेली माणसं कामाला यायला लागतात. कुणी सांगितलं "दोन नावं जास्त टाका", तर सही आपली असते एवढं ध्यानात ठेवा. सांगणारा चौकशीच्या दिवशी फोन उचलत नाही.

मग खड्डे. तुमच्याकडं 45 सेंटिमीटरचा घनखड्डा असेल किंवा 30 चा. टोळीला खड्ड्यामागं पैसे असतात, त्यामुळे खड्डा वरनं परात आणि खालनं वाटी होतो. वरून बघितला तर झकास दिसतो. मापाची काठी करा आणि ती मधोमध न धरता तळाच्या कोपऱ्यात टेकवा. पहिल्या दोन दिवसांत वीस खड्डे परत खोदायला लावलेत तर पुढचे दहा हजार नीट निघतात. पहिल्या दिवशी सोडलंत तर मग जन्मभर भांडत बसा. खड्ड्याची वरची काळी माती एका अंगाला, खालचा मुरूम दुसऱ्या अंगाला टाकायला सांगा. भरताना काळी माती मुळाशी गेली पाहिजे. खड्डे एप्रिल-मे महिन्यांत उन्हात तापू द्यायचे, म्हणून तर आत्ता काढायचे.

आता एक गोष्ट, जी मला पहिल्या वर्षी कुणी सांगितली नव्हती. 3 बाय 3 मीटर अंतर म्हणजे हेक्टरी 1,111 रोपं. तुमच्या 10 हेक्टरांत 11,110. पण हे हेक्टर नकाशावरचं असतं, म्हणजे सपाट. उतारावर टेप जमिनीला टेकवून 3 मीटर मोजलात तर खड्डे जास्त बसतात. चढ 30 अंशांचा धरला तर हेक्टरी 1,283 च्या आसपास, 10 हेक्टरांत सतराशेवर जादा खड्डे. टोळी म्हणणार आम्ही खोदलेत, पैसे द्या. कंत्राटदार म्हणणार मंजूर तेवढेच देणार. मधे कोण, तर तुम्ही. तसल्या चढावर टेप आडवा, हवेत ताणून धरायचा. नाहीतर जमिनीवरून साडेतीन मीटरला थोडं कमी मोजायचं.

हातपाय धुवून पुढचं दुपारी लिहितो.

आटपाडीची_ताई · 5 मार्च, सकाळी 11.30

काकांचं "परात आणि वाटी" वाचून हसू आलं, आमच्याकडंही हेच.

मी चार वर्षं रोपवाटिकेवर आणि नंतर रोजगार हमीच्या लागवडीवर देखरेखीचं काम केलंय, आटपाडी भागात. माझ्या हाताखाली बावीस बायका आणि सहा बाप्ये. पहिल्या दिवशी त्या सहातल्या एकानं विचारलं, "मॅडम, साहेब कधी येणार?" महिनाभर रोज विचारायचा. नंतर थांबला.

दादा, तुम्ही जागेवरचं काम बघणार, पण रोपं कुठनं येणार ते आधी जाऊन बघा. हा माझा हट्टच समजा. रोपवाटिकेत पिशव्या जमिनीवर मांडलेल्या असतात आणि मुळं पिशवीच्या भोकातनं खाली जमिनीत जातात. म्हणून रोपं अधनंमधनं हलवावी लागतात, म्हणजे ती मुळं तुटतात आणि पिशवीतल्या पिशवीत तंतुमुळं वाढतात. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचा फोटो निघत नाही, म्हणून ते राहतं. मग उचलायच्या दिवशी रोप ओढलं की मुख्य मूळ तुटून जमिनीतच राहतं. वरनं रोप हिरवंगार आणि आठ दिवसांत मान टाकतं. मग सगळे म्हणतात पाऊस नव्हता.

उंच रोपाला भुलू नका. बुंध्याला जाड आणि कमरेखाली राहील एवढं रोप आमच्या माळाला चांगलं. आणि ट्रॉलीतनं उतरवताना शेंड्याला धरून उचलणाऱ्याला तिथंच थांबवा. पिशवीला धरायचं.

हजेरीचं म्हणाल तर आमच्या वेळी मोबाईलवर दिवसातनं दोनदा फोटो काढून हजेरी लागायची. माळावर रेंज नाही. टेकडीच्या टोकावर जाऊन मोबाईल वर धरून उभी राहायचे. बायका म्हणायच्या, ताई देवाला ओवाळतीय. पण त्यातला एक फोटो चढला नाही तर अठ्ठावीस जणांचा दिवस जायचा, तेव्हा हसू येत नव्हतं. पगार उशिरा आला की शिव्या आपल्याला बसतात हेही लिहून ठेवा.

बांधावरचा_बाभळ · 5 मार्च, दुपारी 1.10

माफ करा, पण हे सगळं कागदावर छान. राज्यात 2016 ला 2 कोटी झाडं लावायची ठरली, 2017 ला 4, 2018 ला 13 आणि 2019 ला 33 कोटी. आमच्या गावच्या टेकडीवर मी एकाच खड्ड्यात तिसऱ्यांदा रोप लावताना बघितलंय. सुपरवायझर काय करतो? फोटोत उभा राहतो.

जुना_वनपाल · 5 मार्च, दुपारी 3.40

बाभळराव, तुमचा राग खोटा नाही. एकाच खड्ड्यात तिसऱ्यांदा मीही लावलीत, आणि त्याला नांग्या भरणं म्हणतात. मर झाली की भरावी लागते, शेतातही भरता की. पण मर का झाली हे न बघता नुसतं भरत राहिलं तर ते तुम्ही म्हणता तसलं होतं, हेही कबूल. लागवडीचा आकडा 1 जुलैपासनं गाठायचा असतो, पाऊस त्याच्या मर्जीनं येतो. त्या दोघांच्या मधली ओढाताण सुपरवायझरच्या नशिबी.

माझं पाटणकडचं ज्ञान माणला तसंच लावू नका, हे चिरंजीवांना सांगायचं राहिलं. आमच्याकडं पाऊस कोसळायला लागायच्या आत, जूनच्या मध्यावर रोप जमिनीत हवं, नाहीतर नुसता चिखल. माणमध्ये जूनचा पाऊस फसवतो. एक सर येते आणि तीन आठवडे ढग नुसते पूर्वेला जाताना बघायचे. तिथं हातभर खोल ओल गेल्याशिवाय रोप खाली ठेवू नका, कितीही फोन आले तरी. तुमचा खरा पाऊस सप्टेंबरातला. रोप तोवर तग धरेल असं बघायचं.

आता लावण्याचं. पिशवी ब्लेडनं उभी फाडायची, पूर्ण काढायची, मातीचा गड्डा फुटू द्यायचा नाही. पिशवी काढायला लागतात दहा सेकंद. अकरा हजार रोपांना गुणा, म्हणजे टोळीला पिशवी काढायचा कंटाळा का येतो ते कळेल. रोज संध्याकाळी कुठलीही पाचपंचवीस रोपं हलक्या हातानं ओढून बघा. आणि रिकाम्या पिशव्या मोजून घ्या. जेवढी रोपं तेवढ्या पिशव्या पोत्यात आल्या पाहिजेत. एवढं केलंत तर निम्मी सुपरवायझरी झाली.

वणव्याचं वेगळं सांगतो. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढून झाल्या पाहिजेत. तुमच्याकडं कुसळी गवत, काडी पडली की संपलं. जाळल्यावर गवत चांगलं येतं ही समजूत आपल्या जिल्ह्यातनं अजून गेलेली नाही. हल्ली उपग्रहावरनं आगीचा इशारा मोबाईलवर येतो, चांगली सोय आहे. पण इशारा येईपर्यंत वारं डोंगर ओलांडून गेलेलं असतं. खरा इशारा देतो मेंढपाळ. म्हणून त्याच्याशी भांडू नका. रोपवनात चराईबंदी असते, ती पाळायची आहेच, पण "गवत कापून न्या, मेंढरं आत घालू नका" एवढं बोलणं पहिल्याच महिन्यात त्याच्या पालावर चहा पिऊन करून टाका. मी एकदा एका मेंढपाळाला चारचौघांत नको ते बोललो होतो. त्या वर्षी माझ्या राउंडमध्ये, म्हणजे माझ्या हद्दीत, आग लागली ती मला दुसऱ्या दिवशी कळली. त्यानं लावली नव्हती, सांगितलं नव्हतं एवढंच.

कऱ्हाडचा_आरेवाला · 5 मार्च, रात्री 9.25

लावायचं सगळं झालं, तोडायचं कोण सांगणार? मी सांगतो. आरागिरणी घरची, पण उमेदीची बारा वर्षं मालकी झाडांच्या तोडीवर सुपरवायझर होतो.

आमच्यात काम सुरू होतं कागदापासनं. खाजगी रानातलं झाड असलं तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्यातल्या अनुसूचीत ते असेल तर परवानगी लागते. साग, आंबा, जांभूळ, हिरडा ही त्यातलीच. मग मोजणी, शिक्का, वाहतुकीचा पास. पासावरची तारीख गेली आणि गाडी रस्त्यात असली की रात्र नाक्यावर काढायची. बांबूचं मात्र 2017 पासनं सुटसुटीत झालं, वनाबाहेरचा बांबू आता कायद्यात झाड धरत नाहीत.

मोजमाप शिकून घ्या, फसवणूक तिथं होते. घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीनं गुणायचं. घेर 120 सेंटिमीटर आणि लांबी 3 मीटर असेल तर 0.27 घनमीटर. त्याच ओंडक्यात खरं लाकूड असतं 0.34 च्या वर. शेतकऱ्याला वाटतं आपल्याला लुटलं. लुटलेलं नसतं, साल आणि कापातली तूट धरूनच तो हिशोब बसवलाय. पण हे आधी समजावून सांगणारा सुपरवायझर वेगळा आणि नंतर तोंड लपवणारा वेगळा.

आणि जिवाचं. झाड पाडताना त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरात माणूस नको. खाच कुठल्या अंगाला घेतली ते स्वतः बघायचं. सगळ्यात वाईट म्हणजे पडता पडता दुसऱ्या झाडात अडकलेलं झाड. त्याच्याखाली कुणाला जाऊ द्यायचं नाही, कितीही सराईत असला तरी. माझ्या डोळ्यांदेखत एकाचा खांदा गेला. तो मला दादा म्हणायचा. जास्त लिहीत नाही.

आटपाडीची_ताई · 6 मार्च, सकाळी 10.05

जिवाचं निघालंय तर फुरश्याचंही सांगते, विषारी साप तो. माणात, आटपाडीत दगड उचलला की फुरसं. खड्डे काढताना दगड हातानं उलटू देऊ नका, पहारीनं उलटा. चावलं तर आवळून बांधणं, चिरणं, काही नाही. पाय हलू न देता तडक सरकारी दवाखाना. लस कुठल्या दवाखान्यात असते ते पहिल्या दिवशीच जाऊन विचारून या. चावल्यावर विचारायचं नसतं.

सागरेश्वर_शेजारी · 6 मार्च, दुपारी 12.50

बाभळदादांसाठी. कधी देवराष्ट्र्याला आलात तर सागरेश्वरला चक्कर मारा. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव तेच. आज हरणं बघायला लोक येतात, पण हे अभयारण्य माणसांनी लावून उभं केलेलं जंगल आहे. 1985 ला अभयारण्य जाहीर झालं, त्यामागं वृक्षमित्र धों. म. मोहिते यांची खटपट होती. आमचे आजोबा तिथं खड्ड्यावर होते. ते म्हणायचे, त्या डोंगरावर सावलीला म्हणून छत्री उघडायला लागायची. जवळच कुंडलला वन अकादमी आहे, वनखात्याचे अधिकारी तिथं शिकतात. शिकायला जागा बरी निवडलीय.

बांधावरचा_बाभळ · 6 मार्च, दुपारी 1.15

सागरेश्वर बघितलंय. तिथं पाठीमागं लागणारा माणूस होता. मी तेच म्हणतोय.

माणदेशी_गडी · 9 मार्च, रात्री 9.50

सगळ्यांचे आभार. वडिलांना काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. "परात-वाटी" ऐकून ते म्हणाले, "माणूस खरा दिसतोय." उद्या जातोय. काठी करून घेतलीय.

माणदेशी_गडी · 27 एप्रिल, रात्री 8.30

खड्डे 11,060 झाले. पहिल्या दिवशी 23 परत खोदायला लावले, मुकादम दोन दिवस बोलला नाही. टेप आडवा धरायला लावल्यावर कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "हे कुठनं शिकलास?" सांगितलं नाही. फुरशी तीन निघाली, कुणाला काही झालं नाही. वडगावच्या मेंढपाळांकडं चहा झाला.

जुना_वनपाल · 28 एप्रिल, सकाळी 6.05

उरलेले 50 कुठं गेले?

माणदेशी_गडी · 28 एप्रिल, सकाळी 7.40

खडक लागला काका. नकाशावर खुणा करून ठेवल्यात.

जुना_वनपाल · 28 एप्रिल, सकाळी 7.55

ठीक.

माणदेशी_गडी · 19 मे, रात्री 11.15 (पुढच्या वर्षीचा)

धागा वर काढतोय. वर्ष झालं, हिशोब द्यायचा राहिला.

मागच्या आठवड्यात जगणूक मोजली. दर दहावी ओळ धरली, 1,118 रोपं तपासली, त्यातली 671 जिवंत. म्हणजे शंभरात 60. कंत्राटदाराला वर 85 दाखवायचे होते. मी वहीत 671 लिहिलं आणि प्रत्येक ओळीचा फोटो जोडला. त्यावर जे बोलणं झालं ते इथं लिहीत नाही. वही माझ्याकडं आहे.

काका, तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगतो. मर सगळीकडं सारखी नाही. कडुनिंब आणि करंज चांगले राहिले, सीताफळ बरं, आवळा जवळजवळ गेला. आग लागली नाही. मार्चमध्ये पलीकडच्या डोंगरावर धूर दिसला तेव्हा मेंढपाळाच्या पोराचा फोन आला, आम्ही जाळरेषेवर जाऊन उभे राहिलो, वारं फिरलं.

पण सगळ्यात वरच्या पट्ट्यात दोन ओळी मोजल्या, 79 रोपं, जिवंत 3. मला वाटलं वर माती कमी, वारा जास्त, ऊनही तसलंच. मग एक वाळकं रोप ओढलं. पिशवीसकट वर आलं. दुसरं ओढलं, तेही तसंच. बसून चाळीस ओढली, अडतीस पिशवीसकट.

हजेरीपट काढून बघितला. तो पट्टा 740 रोपांचा, बेंदराच्या दिवशी लावलेला. त्या दिवशी मी सकाळी हजेरी घेऊन गावी गेलो होतो, घरच्या बैलांची पूजा होती. संध्याकाळी आलो तेव्हा मुकादमानं 740 सांगितली, मी 740 लिहिली. पिशव्या मोजल्या नाहीत.

बांधावरचा_बाभळ · 20 मे, सकाळी 8.20

टोळीनं फसवलं. पैसे कापा.

जुना_वनपाल · 20 मे, सकाळी 8.45

थांबा बाभळराव. चिरंजीव, टोळीत किती माणसं होती आणि ब्लेड किती दिली होतीत?

माणदेशी_गडी · 20 मे, सकाळी 9.10

माणसं चौदा. ब्लेड सुरुवातीला चौदा दिली होती. बेंदरापर्यंत दोन उरली होती, बाकीची हरवली, गंजली. मुकादमानं आदल्या दिवशी मागितली होती. मी म्हटलं परवा आणतो.

आटपाडीची_ताई · 20 मे, सकाळी 10.30

सणाचा दिवस, रोपामागं पैसे, आणि चौदा जणांत दोन ब्लेड. अहो दादा, मीही पिशवीसकट लावली असती.

कऱ्हाडचा_आरेवाला · 20 मे, दुपारी 1.05

हे चारचौघांत लिहिलंस त्याबद्दल मानलं. मुकादमाला सांगितलंस का?

माणदेशी_गडी · 20 मे, रात्री 9.30

आज जाऊन सांगितलं. त्याच्यापुढं वाळकं रोप ठेवलं, पिशवी तशीच होती. तो काही बोलला नाही, आत गेला, चहा सांगितला. मग म्हणाला, "वरच्या पट्टीला पाणी घालायला माझी पोरं उन्हाळाभर घागरी घेऊन चढत हुती, सायब."

मला हे माहीत नव्हतं.

यंदा तिथं नांग्या भरायच्या आहेत, त्याच टोळीला घेऊन. दहिवडीतनं ब्लेडची चार पाकिटं आणलीत. बेंदूर कधी आहे ते कॅलेंडरात बघितलं, त्या दिवशी काम बंद ठेवतोय.

जुना_वनपाल · 21 मे, सकाळी 6.00

खड्डे नवीन काढू नका, तेच वापरा. आतली जुनी पिशवी तेवढी उकरून बाहेर काढा. आणि आवळ्याच्या जागी हिवर लावून बघा.